पीक नाही आणि खळी नऊ

चेंडू माझ्या कपाळावर बसला तेव्हा माझ्या हातात ओवाळायचं ताट होतं. ताट एकीकडे गेलं, निरांजन दुसरीकडे गेलं आणि मी नव्या लुगड्यासकट गवतात आडवी झाले. डोळे उघडले तर वर चार साहेब वाकलेले. पांढऱ्या टोप्या, पांढरे बूट, हातात लोखंडी टोकाच्या काठ्या. एक म्हणाला, "गेली की काय?" दुसरा म्हणाला, "पण चेंडू कुठं गेला?"

तेवढ्यात आमचे विठोबा भाऊजी धावत आले. मला वाटलं, काही झालं तरी चुलत दीर आहे, निदान पाणी तरी मागवेल. ते माझ्या पायाशी गुडघ्यावर बसले. पडताना माझ्या टाचेनं गवताचं एक ढेकूळ उपटलं होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं, होतं त्या जागी बसवलं, कडेची माती बोटानं आत सारली, उभं राहून पायानं हलकेच दाबलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले,

"वैनी, उटा. गवत दबतंय."

त्या दिवशी माझी मेंढरं, वाडीची विहीर आणि भाऊजींचं मैदान, सगळंच त्या चार साहेबांच्या मर्जीवर होतं. आणि मी पहिल्याच झेंड्याला आडवी पडले होते. पण हे समजायला आधी हा माणूस समजला पाहिजे.

आमची वाडी सांगलीपासून लांब, जतकडच्या माळावर. कराड-साताऱ्याकडचे लोक ऊसही लावतात आणि पलटणीतही जातात. आमच्याकडे उसाचा प्रश्नच नाही. आमच्याकडे मेंढरं राखतात, आणि ज्याला मेंढरं राखायला जमत नाहीत तो पलटणीत जातो. विठोबा भाऊजी असेच गेले. पुढे गुडघा दुखावला म्हणून त्यांना उत्तरेकडच्या कुठल्याशा छावणीत साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर गवत राखायला ठेवलं. म्हणजे मेंढरं टाळायला गेलेला माणूस शेवटी गवतापाशीच आला. हवालदार होऊन पेन्शनीवर परत आले तेव्हा त्यांच्याजवळ एक पत्र्याची ट्रंक होती, लोखंडी टोकाची एक काठी होती आणि एक मोजा भरून पांढरे चेंडू.

घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. त्यांची बायको साळू, माझी जाऊ, ते नोकरीत असतानाच गेली. एका कोरड्या उन्हाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवरून घागरीसकट घसरली. मूलबाळ नव्हतं. भाऊजी तार मिळून घरी पोचले तोवर तिसरा दिवस उलटला होता. ते रडले नाहीत, परत गेले. आम्ही म्हटलं, पलटणीचा माणूस, काळीज दगडाचं.

पेन्शनीवर आल्यावर मात्र माणूस जरा निराळाच निघाला.

पहिली गोष्ट म्हणजे ते ढेकूळ. बैलाच्या खुरानं उखडलेलं असो की पोरांनी खेळताना काढलेलं, दिसलं की वाकायचं, बसवायचं, पायानं दाबायचं. आमच्या पुतणीच्या लग्नात जेवणाच्या पंगती बसल्या आणि हे मांडवाच्या मेखा उपटलेली भोकं बुजवत फिरायला लागले. वऱ्हाडाला वाटलं कुणाचा तरी दागिना पडला. निम्मं वऱ्हाड वाकून शोधायला लागलं. नवरीच्या एका चुलतीनं तर "माजीच नथ गं!" म्हणून गळा काढला. नथ तिच्या नाकातच होती. ती चुलती म्हणजे मीच.

दुसरी गोष्ट काडेपेटी. माणूस विडी ओढत नव्हता, पण काडेपेटी कायम खिशात. गवतात ती आडवी ठेवायची आणि उभी ठेवायची. आडव्या पेटीएवढं गवत झालं की ते खेळायचं गवत. उभ्या पेटीच्या वर गेलं की ते राखायचं गवत, त्याला ते 'रफ' म्हणत. त्या रफात मेंढरू सोडा, शेळीची सावलीसुद्धा पडलेली त्यांना खपायची नाही.

तिसरी गोष्ट त्यांचं बोलणं. काहीही विचारा, एकच उत्तर. "हवालदार, पाऊस कवा हो?" "मला काय इचारता, गवताला इचारा." "भाऊजी, जेवला का?" "गवताला इचारा." एकदा तलाठ्यानं विचारलं, ही जमीन पड दाखवू की पिकाखाली. तेव्हाही हेच. तलाठी खरंच खाली गवताकडे बघायला लागला.

त्यांच्या वाट्याची जमीन म्हणजे निव्वळ मुरूम. हुलगासुद्धा तिथे मनापासून उगवत नसे. त्या माळावर त्यांनी आल्या आल्या उताराला आडव्या दगडी ताली रचायला घेतल्या. पडलेला थेंब पळून जाता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. तालींच्या मागे माती धरली. मग कुठून कुठून मारवेल, पवन्या असल्या चाऱ्याच्या गवतांचे ठोंब आणून लावले. आम्हाला वाटलं, शहाणा माणूस आहे, कुरण करतोय. तेवढ्यात त्यांनी जागोजाग गोल खळी करायला घेतली. मुरूम पसरून, भिजवून, धुमसानं चोपून, अगदी ज्वारी मळायच्या खळ्यासारखी. एक झालं, दोन झाली, नऊ झाली.

वाडीत केरबाचं चहाचं दुकान होतं. जगातल्या सगळ्या गोष्टींवर निकाल तिथे लागायचा. केरबा म्हणाला,

"पीक न्हाई आन् खळी नऊ! आवं हवालदार, मळणार तरी काय, मुरूम?"

"गोल्फ खेळायचं मैदान हाय गड्या," भाऊजी म्हणाले.

"कोन खेळणार?"

"गवताला इचार."

गोल्फ म्हणजे काय हे मला तेव्हा जेवढं कळलं होतं तेवढं सांगते. एक लहान चेंडू असतो. तो जिवाच्या आकांतानं लांब मारायचा. मग त्याच्यामागे सावकाश चालत जायचं. सापडला की परत मारायचा. असं करत झेंड्यापाशी पोचायचं. मी म्हटलं, "तितंच न्यायचा हाय तर हातात घिऊन जावा की." त्यावर भाऊजींनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते. झेंड्यापाशी पोचल्यावर आणखी एक काम असतं, ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते ठाऊक नसल्यानंच सगळा घोटाळा झाला.

छावणीतल्या मैदानावर झेंड्याभोवती मऊ हिरवं गवत असायचं आणि त्याला रोज पाणी लागायचं. भाऊजींनी इथे खळी केली ती त्यासाठीच. खळ्याला पाणी लागत नाही. कोरड्या मुलखातल्या काही छावण्यांत म्हणे झेंड्याभोवती वाळू टाकून तिच्यावर इंजिनाचं जळकं तेल ओततात, म्हणजे ती दबून राहते. भाऊजींना तेही नको होतं. म्हणायचे, "त्याल पावसाबरुबर वड्यात जातं, वड्यातनं हिरीत, हिरीतनं आपल्या प्वाटात." गवत कापायचं यंत्रही नको. यंत्र तेल पितं, ओरडतं आणि जाताना काही ठेवून जात नाही. मेंढरू गवत कापतं आणि जाताना खत टाकून जातं.

तिथे माझा संबंध आला. आमच्याकडे शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात, लेंडीमुताचं खत होतं म्हणून. भाऊजींनी माझी मेंढरं गोल्फाच्या मैदानावर बसवायला घेतली. आज ह्या पट्ट्यात, काडेपेटी आडवी झाली की पुढच्या पट्ट्यात. माझ्या मेंढरांनी जेवढा गोल्फ बघितला तेवढा जिल्ह्यात कुणी बघितला नसेल. भांडण फक्त रफावरून व्हायचं.

"भाऊजी, एवढं गुडघाभर गवत उभं हाय. जरा तोंड लावू द्या की."

"रफ म्हंजे रफ, वैनी."

"कशाला ठिवलाय मग त्यो?"

"गवताला इचारा."

मी गवताला कधी विचारलं नाही. भाऊजींनाच काय काय म्हटलं, ते इथे लिहीत नाही.

मग दुष्काळ आला. बहात्तरचा. त्याच्या आदल्या सालीही पाऊस जेमतेमच होता, त्या साली तोही नाही. आमचे मालक रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागले. घरात रेशनवरच्या लाल मिलोची, परदेशी ज्वारीची, भाकरी, पोरांना वाटपातली सुकडी. मेंढरं घेऊन खाली कृष्णाकाठी उतरावं तर तिकडेही आमच्यासारख्यांची रीघ आणि शेतकरी बांधावर काठी घेऊन उभा. आसपासच्या वाड्यांवरची मेंढरं कसायाकडे जायला लागली. माझ्या मेंढरांच्या बरगड्या लांबून मोजता येत होत्या. मी रोज सकाळी उठून त्यांच्याकडे बघायची आणि मग भाऊजींच्या रफाकडे बघायची. तो पिवळा पडला होता, पण उभा होता. तालींनी ओल धरली होती. आणि वाडीतल्या सगळ्या विहिरी आटल्या तरी तालींच्या खालच्या अंगाची भाऊजींची विहीर तेवढी आटली नव्हती. अख्खी वाडी तिच्यावर पाणी भरत होती.

नेमके तेव्हाच साहेब उगवले.

माधवनगरच्या एका गिरणीत मॅनेजर होते. मुंबईत असताना गोल्फ शिकलेले, इकडे बदलून आल्यापासून हात शिवशिवत होते. आमच्या वाडीचा एक गडी त्या गिरणीत होता, त्याच्या तोंडून त्यांना कळलं. जीप घेऊन एकटेच येऊन सगळं बघून गेले. खूश झाले. म्हणाले, "हवालदार, जागा उत्तम. इथं इंजिन बसवू, तुमच्या विहिरीवरनं पाइप फिरवू, बाहेरचं गवत आणू, भोवती तार मारू. तुम्हाला पगार. मेंढरं मात्र बंद."

भाऊजी म्हणाले, "आदी एकदा खेळून तर बगा साब. बिनपाण्याचं."

"ठीक आहे. मित्रांना घेऊन येतो. जमलं तर असंच राहू दे, नाही जमलं तर इंजिन."

जीप गेली. मी तालीआडून सगळं ऐकलं होतं. मी बाहेर आले.

"भाऊजी, न्हाई जमलं तर?"

"गवताला इचारा."

"गवताला काय इचारा! माजी मेंढरं कुटं जातील? वाडी पाणी कुटलं पिणार?"

ते काडेपेटी आडवी-उभी करत बसले. त्या माणसाला मैदानावर कोणी तरी खेळायला यावं अशी किती हौस होती ते मला दिसत होतं. मोज्यातले चेंडू त्यांनी राखेनं घासून ताटल्यांसारखे चकचकीत केले होते. मला धास्ती वाटायला लागली की हौसेपोटी हा हो म्हणेल.

म्हणून मी ठरवलं की साहेबांना मैदान आहे तसंच पसंत पडलं पाहिजे. आणि ते काम मी करणार. आता मी चौथी शिकलेली बाई. मला गोल्फातलं काय कळतंय? पण खळं सारवणं मला कळतं. आमच्या भागात माझ्या हातच्या सारवणाचं नाव होतं. निदान माझ्या तोंडी तरी होतं.

साहेब यायच्या दिवशी भाऊजी सकाळीच त्यांना फाट्यावरून आणायला निघाले. जाताना मला नऊ झेंडे दिले आणि म्हणाले,

"वैनी, खळी तेवडी सारवून घ्या. आंगणासारकी. कुटं खाचखळगा दिसता कामा न्हाई. मग झेंडं लावा."

"त्ये माज्याकडं लागलं," मी म्हटलं.

पहिल्या खळ्यावर गेले. बघते तर काय, मधोमध एक भोक आणि त्यात गंज चढलेला डबा ठोकून बसवलेला. मला हसू आलं. माणूस पलटणीत गेला पण खळं करायला शिकला नाही. भोक ठेवलं की दाणा जातो, उंदीर होतो. मी डबा उपटून काढला, भोक मातीनं ठासून भरलं, वरून शेणाचा हात फिरवला. नऊही खळ्यांना तेच. डबे चांगले होते, घासून दारात पालथे घातले. आणि झेंडे लावले ते ऐऱ्यागैऱ्यासारखे नाही, लग्नातली मुहूर्तमेढ पुरतात तसे, पहारीनं खड्डा घेऊन, दगड ठोकून, घट्ट. खळी आरशासारखी झाली. इतकी छान झाली की पहिल्या खळ्यावर मी एक कमळही काढलं रांगोळीचं.

मग नवं लुगडं नेसले आणि ओवाळायचं ताट घेऊन त्या पहिल्या खळ्यापाशीच, जरा गवतात, उभी राहिले. पाहुणे येणार ते झेंड्याकडेच ना? लांबून साहेब दिसले. भाऊजी हात हलवून काही ओरडत होते. मला वाटलं माझं कौतुकच करतायत. मीही हात हलवला. एका साहेबानं काठी उचलली, चेंडू एक टप्पा घेऊन आला, आणि पुढचं मी वर सांगितलं आहे.

चेंडूचं राहिलंच. तो माझ्या ओच्यात जाऊन बसला होता. आणि ह्या खेळाचा नियम असा की चेंडू जिथे थांबेल तिथूनच मारायचा. चार साहेब आणि एक हवालदार माझ्या ओच्याकडे बघत उभे. नियमाला पक्का असलेला आमचा हवालदार मग आभाळाकडे बघायला लागला. मी उठले तसा चेंडू आपणहून खाली पडला आणि सगळ्यांची सुटका झाली.

मग साहेब खळ्यावर गेले. कमळाच्या कडेनं चालले, एवढं म्हणायला हवं. एकानं चेंडू हलकेच ढकलला. सारवण असं झालं होतं की चेंडू थांबायलाच तयार नव्हता. "वा!" साहेब म्हणाले. मी कपाळावरचं टेंगूळ दाबत पदर सावरला. मग दुसरा साहेब झेंडा काढायला गेला. झेंडा निघेना. त्यानं दोन्ही हात लावले. निघेना. तिसरा मदतीला आला. एकानं झेंडा, दुसऱ्यानं त्याची कंबर धरून ओढला तेव्हा तो मातीच्या गड्ड्यासकट, दगडासकट वर आला आणि दोघे साहेब माझ्या कमळावर बसले.

"हवालदार," मॅनेजर म्हणाले, "होल कुठं आहे?"

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं.

"बुजीवलं," मी म्हटलं. "नऊच्या नऊ. कुटंबी खाचखळगा न्हाई."

चार साहेब एवढे हसले की एकाची टोपी पडली. मला आधी वाटलं पसंत पडलं. पण भाऊजींच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, चेंडू शेवटी त्या भोकातच घालायचा असतो.

हसून झाल्यावर मॅनेजर डोळे पुसत म्हणाले, "हवालदार, जागा मी सोडत नाही. पण हे शेणाबिणाचं काही चालायचं नाही. पुढच्या आठवड्यात इंजिन पाठवतो. तारही घालून घेऊ. फक्त ही मेंढरं आणि ह्या बाई मला परत मैदानावर दिसता कामा नयेत."

झालं. मी मेंढरांकडे बघितलं. ती बिचारी आडव्या काडेपेटीएवढ्या गवतात मान घालून होती.

भाऊजी सावधान उभे राहिले. त्यांचं ते सावधान मी कितीदा चेष्टेनं करून दाखवायची.

"न्हाई साब."

"म्हणजे?"

"इंजन न्हाई. त्या हिरीवर वाडी पाणी पिती."

"अरे, वाडीला टँकर मागवून देऊ."

"ज्या मैदानाला पाणी पाजावं लागतं त्ये मैदान न्हवं साब. आजारी मानूस हाय त्ये. म्या लय वरसं पाजलंय."

"मग खेळणार कोण इथं? मेंढरं?"

"व्हय साब," भाऊजी म्हणाले आणि कडक सलाम ठोकला.

जीप धुरळा उडवत गेली. बूट फिरलेल्या जागी एक ढेकूळ निघालं होतं. भाऊजींनी ते बसवलं आणि दाबलं.

दिवस कलला तेव्हा मी ते डबे घेऊन त्यांच्याकडे गेले. ते पहिल्या खळ्यावर बसले होते, बाजूला तो मातीचा गड्डा लागलेला झेंडा.

"भाऊजी, हे तुमचं डबं."

"ठिवा."

"माज्यामुळं गेलं व्हय साहेब?"

"डब्यापायी कोन जातंय वैनी? हिरीपायी गेलं."

"मग घ्यायचं की इंजन. रोज साहेब आलं असतं. चेंडू घासून ठिवलंसा त्ये काय उगच?" मला इंजिन नकोच होतं. पण माझ्या जिभेला हाड नाही.

आता 'गवताला इचारा' येणार म्हणून मी तयारच होते. ते काडेपेटी हातात फिरवत राहिले. मग म्हणाले,

"साळूची तार आली न्हवं का, तवा माज्या हातात पायप हुता."

मी हातातले डबे खाली ठेवले.

"सकाळधरनं गवताला पाणी मारत हुतो. सायबानं तार वाचून दाकीवली. पायप तसाच चालू ऱ्हायला, कुनी बंदच क्येला न्हाई. हितं हिरीचं पाणी तळाला गेलं म्हनून ती खाली उतारली. आन् तितं म्या..."

त्यांनी काडेपेटी खिशात टाकली.

मी रडणारी बाई नाही. रडायचं ते मी नथीसाठी लग्नात रडून घेतलं होतं. मी म्हटलं, "डबं परत बशिवते मी. कसं बशिवायचं त्ये दावा."

ते दाखवत गेले, मी बसवत गेले. तिसऱ्या खळ्यावर ते म्हणाले, "उद्यापासनं मेंढरं रफात घाला. येका टोकाकडनं. काडेपेटी आडवी झाली की फुडं सरकायचं. पावसापातूर पुरंल."

"रफात? रफ म्हंजे रफ म्हनत हुतासा न्हवं?"

"आजच्यासाटीच ठिवला हुता. आदीच खाल्ला असता तर आज काय घातलं असतं?"

एवढी साधी गोष्ट ह्या माणसानं सांगितली असती तर माझ्या कितीतरी शिव्या वाचल्या असत्या. पण मग मी त्यांना काय म्हटलं असतं देव जाणे, मला गप्प बसता येत नाही.

शेवटचा डबा बसवून मी हात झटकले. भाऊजी मोजा घेऊन उभे होते.

"वैनी, येक डाव खेळता का?"

"कोन, मी?"

"वीस वरसं गवत राखलं. साहेब खेळायचं, म्या बगायचो. येकानंबी म्हनलं न्हाई, हवालदार, घे, तू मार येक. हितं येकटाच मारतो, येकटाच हुडकत जातो. त्यात काय राम न्हाई."

त्यांची काठी मला जड वाटली, म्हणून मी माझी मेंढरांची काठी घेतली. पदर खोचला. चेंडूवर नेम धरला आणि हाणली. चेंडू होता तिथेच राहिला. ढेकूळ मात्र उडालं ते चांगलं पुढच्या तालीवर गेलं. भाऊजी हसले. त्यांना हसताना मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं, आणि ते हसणं काही फारसं चांगलं दिसलं नाही, सवय नव्हती. मी जाऊन ते ढेकूळ आणलं, होतं तिथे बसवलं आणि पायानं दाबलं.

मग दुष्काळभर आम्ही खेळलो. सकाळी मी बायकांबरोबर पाणी भरायची, मेंढरं रफात पुढे सरकवायची आणि उन्हं उतरली की दोन खळी खेळायची. आमचे मालक खडी फोडून यायचे आणि तालीवर टेकून बघायचे. म्हणायचे, "दोगंबी येडी झाल्याती." केरबा चहा सोडून बघायला यायचा. मी चेंडू भोकात घालायला शिकले, पण सरळ मारायला नाही. माझा चेंडू कायम मेंढरांत जायचा. मेंढरं बाजूला व्हायची. चारपायी जनावराला कळतं कुठे उभं राहू नये. ते मला कळलं नव्हतं.

रफ पुरला. शेवटची पट्टी संपत आली तेव्हा जूनचे ढग आले. विहिरीत पाणी तळाला गेलं होतं, पण होतं.

भाऊजी त्यानंतर तीन-चार वर्षांनी गेले, साधा ताप येऊन. तिरडी माळावरून नेली. माणसांच्या पायांनी गवत उखडलं होतं. सगळे पुढे गेल्यावर मी एकेक ढेकूळ बसवत मागे राहिले. केरबा म्हणाला, "आक्का, काय पडलं व्हय गं?" मी म्हटलं, "गवताला इचार."

त्या दुष्काळातून माझी मेंढरं जगली, विहीर जगली, विठोबा हवालदार जगले, आमचे मालक जगले आणि मी जगले. आता त्यातली विहीर आहे आणि मी आहे.